भुयारातला संसार आणि तुमची पत्रं

गेल्या अंकात ‘डार्क डेज’ या डॉक्युमेंटरीवर दीड पान लिहिलं होतं. न्यूयॉर्कमधल्या रेल्वेच्या एका भुयारात फळ्या-पत्रे ठोकून खोल्या बांधून राहणारी माणसं, त्यातली बरीचशी क्रॅकच्या (कोकेनपासून केलेल्या नशेच्या खड्यांच्या) नादाला लागलेली, आणि त्यांच्यात जाऊन राहिलेला मार्क सिंगर नावाचा विशीतला इंग्रज पोरगा, त्यानं केलेली ही २००० सालची फिल्म. आमच्या फिल्म क्लबात दाखवली तेव्हा सतरा लोक होते, त्यातले चार इंटरव्हलला चहाला गेले ते परत आलेच नाहीत (आमच्याकडे डॉक्युमेंटरीलाही इंटरव्हल असतो, प्रोजेक्टर तापतो), त्यामुळे लिहिताना वाटलं होतं की कोण वाचणार. पण पत्रं आली, मेल आले, एका काकांनी तर फोन करून वीस मिनिटं झापलं. सगळी पत्रं इथे बसणार नाहीत, काही प्रश्न कापून आखूड केलेत, राग मानू नका.

प्रश्न : पिक्चर ब्लॅक अँड व्हाइट का आहे? आर्टी दिसावं म्हणून मुद्दाम? आणि ज्याने आधी कधी कॅमेरा धरला नाही असं तुम्ही लिहिलंय त्याला असं शूटिंग जमलं कसं? (इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, सांगली)

आर्ट-बिर्ट काही नाही रे. रंगीत फिल्मवर लाइटचं गणित चुकलं की माणसं हिरवी-पिवळी दिसायला लागतात, आणि हा तर पहिल्यांदाच कॅमेरा हातात घेणारा, तेव्हा त्याला सल्ला मिळाला की बाबा ब्लॅक अँड व्हाइट घे, त्यात चुका खपून जातात. एवढं साधं आहे. नंतर सगळे म्हणायला लागले की काय तो अंधार, काय ते दाणेदार टेक्स्चर. सनडान्स फेस्टिव्हलला २००० साली तीन बक्षिसं मिळाली, प्रेक्षकांचं एक आणि सिनेमॅटोग्राफीचंही एक, ज्याला फोकस ओढता येत नव्हता त्याला!

आता दुसरा प्रश्न, आणि मला विचारशील तर फिल्मची खरी गंमत इथेच आहे. क्रू म्हणून बाहेरून कोणी आणलंच नाही, भुयारात राहणारीच माणसं क्रू झाली. त्यांच्यात वायरिंगची कामं येणारा होता, सुतारकी येणारा होता. भुयारात वीज त्यांनी आधीच ओढलेली होती, आपल्याकडे आकडा टाकतात तसंच, त्याच वायरीवर शूटिंगचे लाइट लागले. ट्रॉली त्यांनीच जुगाड करून बनवली. १६ एमएमचा कॅमेरा चालवायला सिंगर आणि ही मंडळी एकत्रच शिकली. म्हणजे शॉटमध्ये एक जण कांदा चिरतोय किंवा दाढी करतोय तर शॉटच्या बाहेर त्याचाच शेजारी लाइट धरून उभा आहे. त्यामुळे होतं काय, की कॅमेऱ्यासमोर जो लाजरेपणा येतो किंवा जो एक रडका सूर लागतो, ‘साहेब आमचं असं झालं आणि तसं झालं’, तो लागतच नाही. शेजाऱ्यासमोर कोण रडगाणं गाणार, तो लगेच म्हणेल गप रे, कालच तर माझे पैसे बुडवलेस.

निवेदन नाही, तज्ज्ञ नाहीत, आकडे नाहीत, मागून येतं ते डीजे शॅडोचं संगीत, बाकी माणसं आपापसात बोलतायत, भांडतायत, एकमेकांची खेचतायत. शूटिंग संपल्यावर मात्र पैसे संपले आणि एडिटिंगला वर्षं गेली, कारण फिल्म दुसऱ्याच्या हातात द्यायला हा तयार नव्हता.

प्रश्न : आम्ही मुलाकडे न्यू जर्सीला गेलो होतो तेव्हा ट्रेनने नायगारा बघायला गेलो. न्यूयॉर्क सोडल्यावर लगेच एक बोगदा लागला होता. तोच का हा? (एक आजी, मुक्काम सध्या डोंबिवली)

आजी, तुमचा प्रश्न वाचून मी उडालोच. हो, तोच! पेन स्टेशनहून आल्बनीकडे, पुढे नायगाराकडे जाणाऱ्या अॅमट्रॅकच्या (ही तिकडची पॅसेंजर रेल्वे कंपनी) गाड्या मॅनहॅटनच्या पश्चिम कडेनं वर जातात, आणि साधारण ७२व्या रस्त्यापासून १२४व्या रस्त्यापर्यंत, चारेक किलोमीटर, त्या रिव्हरसाइड पार्कच्या पोटातून जातात. वर लोक जॉगिंग करतायत, पोरं बाबागाडीत, आणि खाली हे भुयार. मध्येमध्ये वर जाळ्या आहेत त्यातून उजेडाचे तिरके पट्टे खाली पडतात, फिल्ममध्ये ते सारखे दिसतात. भुयार संपलं की डावीकडे हडसन नदी, म्हणून सगळे डावीकडची खिडकी पकडायला धावतात, तुम्हीही धावला असाल.

हे भुयार १९३० च्या दशकात बांधलं, रॉबर्ट मोझेस नावाचा शहराचा एक बडा कारभारी होता त्याच्या काळात. आधी नदीकाठी उघडी मालगाडी जायची, धूर, घाण, गुरांचे डबे, तर त्यानं रूळ झाकून वर बाग केली. पुढे माल ट्रकने जायला लागला, गाड्या कमी होत गेल्या, तशी सत्तरच्या दशकापासून तिथे माणसं यायला लागली, आणि नंतर तर गाड्या बंदच पडल्या. अंधार होता पण कोरडं होतं, हिवाळ्यात वरच्यापेक्षा ऊब होती, आणि मुख्य म्हणजे कोणी उठवत नव्हतं. त्याच जुन्या मालगाडीच्या लाइनचा दक्षिणेकडचा तुकडा म्हणजे आज टुरिस्ट लोक जिथे फोटो काढतात ती हाय लाइन बाग, मुलाने तुम्हाला तिथेही नेलं असेलच. तिथून शेवटची मालगाडी १९८० मध्ये गेली, तीन डबे भरून फ्रोझन टर्की घेऊन. (टर्की या शब्दाकडे पुढे परत यायचंय, लक्षात ठेवा.)

१९९१ मध्ये अॅमट्रॅकने भुयारातून परत पॅसेंजर गाड्या सुरू केल्या. म्हणजे फिल्ममधली माणसं राहतायत ती चालू लाइनच्या कडेला, आपल्याकडे हार्बर लाइनला रे रोड-सँडहर्स्ट रोडच्या मधे रुळाला चिकटून घरं दिसतात ना तसं, फक्त वर आभाळ नाही.

प्रश्न : तुम्ही लिहिलंत ‘हा व्यसनाचा पिक्चर नाही, संसाराचा आहे’. माफ करा पण हे मला पटलं नाही. ही माणसं स्वतःच्या कर्मानं तिथे पोचली. नोकरीधंदा करून टॅक्स भरणाऱ्या माणसावर कोणी डॉक्युमेंटरी काढत नाही. क्रॅक ओढणाऱ्याच्या चुलीचं कौतुक कशाला? (निवृत्त बँक अधिकारी, ठाणे)

काका, फोनवर वीस मिनिटं तुम्हीच होतात, आवाजावरून नाही, ‘टॅक्स भरणाऱ्या’वरून ओळखलं. फोनवर मला बोलूच दिलं नाहीत, आता माझी पाळी.

कौतुक मी केलेलं नाही आणि फिल्मही करत नाही. तिथे माणसं कॅमेऱ्यासमोर पाइप ओढतात, ओढल्यावरचे डोळे दिसतात, उंदीर दिसतात, शी-मूत कुठे टाकतात तेही दिसतं. एका बाईची दोन मुलं आगीत गेलेली. एकाची पाच वर्षांची मुलगी तो जेलमध्ये असताना मारली गेली, तिचे हाल करून. हे सांगताना ती माणसं सफाई देत नाहीत, उलट तुमच्यापेक्षा कडक भाषेत स्वतःला शिव्या घालतात. कर्माचा हिशोब त्यांना कुणी शिकवायची गरज नाहीये.

संसार म्हणालो ते कशासाठी, सांगतो. त्या बाईची खोली मध्येच जळते, मग ती त्या दुसऱ्या माणसाच्या खोलीत राहायला येते. तो क्रॅकमधून बाहेर पडलेला, ती अजून त्यातच. आणि मग सुरू होतं ते कुठल्याही चाळीत ऐकू येईल असं, तू आवरत नाहीस, तू पसारा करतेस, माझ्या घरात हे चालणार नाही. माझ्या घरात! प्लायवूडच्या चार फळ्या, वर भुयाराचं छत, आणि माणूस ‘माझं घर’ म्हणतो. एक जण गळक्या पाइपाखाली अंघोळ करतो आणि नीट दाढी करतो, कशासाठी? कुठे जायचंय त्याला? कोणी कुत्री पाळलीयत. कचऱ्यातून विकण्यासारखं शोधायचं तर कुठल्या बिल्डिंगीचा कचरा चांगला याचं त्यांचं ज्ञान तुमच्या बँकेतल्या लोन ऑफिसरइतकं पक्कं. (न्यूयॉर्क राज्यात १९८३ पासून बाटली-कॅन परत केला की पाच सेंट मिळतात, त्या पाच सेंटवर तिथल्या कितीतरी लोकांचा दिवस निघायचा.) व्यसनी माणूस म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर फूटपाथवर आडवा पडलेला येतो, पण तो चोवीस तास आडवा नसतो ना, मधल्या वेळात तो काय करतो हे ह्या फिल्मनं दाखवलं.

आणि कर्माचंच बोलायचं तर ते सगळ्यांना सारख्या भावानं मिळत नाही. क्रॅक म्हणजे दुसरंतिसरं काही नाही, कोकेनची पावडर खायच्या सोड्याबरोबर शिजवून केलेले खडे, तापवले की तडतड वाजतात म्हणून क्रॅक. खडा छोटा, किंमत थोडी, नशा पाच-दहा मिनिटं, की परत दुसरा. म्हणून तो गरीब वस्त्यांत गेला आणि पावडर राहिली ऑफिसातल्या पार्ट्यांत. १९८६ च्या अमेरिकन कायद्यानं काय केलं, पाच ग्रॅम क्रॅकला किमान पाच वर्षं जेल, आणि पावडर असेल तर तेवढ्याच शिक्षेला पाचशे ग्रॅम लागायची. एकाच मालाला शंभरपट फरक. आणि क्रॅकखाली आत गेलेले बहुतांश काळे. २०१० मध्ये तो फरक अठरापट केला, पूर्ण काढला तरी नाही. भुयारातले काही जण जेल बघून आलेले आहेत, आणि जेल बघून आलेल्याला भाड्यानं घर कोण देतं हे तुम्ही बँकेत होतात, तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत.

टॅक्स भरणाऱ्यावरच्या डॉक्युमेंटरीचं म्हणाल तर तुम्ही परवानगी द्या, कॅमेरा घेऊन येतो.

प्रश्न : शेवटी त्यांचं काय झालं? लिंक अर्ध्यात बंद पडली. (दोन-तीन जणांनी विचारलंय)

शेवट सांगू नये म्हणतात पण ही काही मर्डर मिस्ट्री नाही. अॅमट्रॅकचे पोलीस येतात, जागा खाली करा म्हणतात. कोअॅलिशन फॉर द होमलेस ही न्यूयॉर्कची जुनी संस्था मध्ये पडते, आणि वाटाघाटी होऊन या लोकांना सेक्शन ८ ची व्हाउचर मिळतात. सेक्शन ८ म्हणजे अमेरिकन केंद्र सरकारची १९७४ पासूनची स्कीम, भाडेकरूनं आपल्या उत्पन्नाचा साधारण तीस टक्के हिस्सा भाडं म्हणून द्यायचा, वरचं सरकार घरमालकाला देतं.

मग ते आपापल्या खोल्या स्वतःच घण घालून पाडतात. तो सीन बघाच. हसतायत, ओरडतायत, वर्षानुवर्षं ज्याला घर म्हणत होते त्या भिंतीवर दातओठ खाऊन हाणतायत. आमच्या शोला हॉलचा वॉचमन मागे उभा राहून बघत होता, त्याला इंग्रजी येत नाही, तो म्हणाला “म्युन्शिपाल्टीवाले कुठायत? हे स्वतःच का तोडतायत?” त्याला आम्ही समजावून सांगितलं, तरी त्याचं म्हणणं की फळ्या तरी नीट काढून घ्यायच्या, विकता आल्या असत्या.

नंतर नवी घरं, खिडक्या, खिडकीतून ऊन. आणि त्यानंतरचं फिल्ममध्ये नाही ते म्हणजे सगळ्यांचं धड झालं नाही, काही जण टिकले, काही परत घसरले.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ सात वर्षं गर्द घेतोय. दोनदा सेंटरला ठेवला. आता तो घरी राहत नाही, बसस्टँडच्या मागे असतो. तुमचा लेख आईला वाचून दाखवला तर ती म्हणाली, बघ, तिकडे आधी घर दिलं मग माणसं सुधारली, आपण त्याला घरी आणूया. मला भीती वाटते. मी काय करू? (एक ताई, नाशिक)

ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. मी पिक्चरवर लिहिणारा माणूस, डॉक्टर नाही, तरी गप्प बसवत नाही.

मी लालबागच्या चाळीत वाढलो. ८२ च्या संपानंतरचे दिवस, त्याच सुमाराला गर्द आमच्या भागात आलं. पन्नीवर पावडर, खाली काडी, वरून नळीनं धूर ओढायचा. माझ्या बरोबरीचा, कबड्डीत उजवा कोपरा खेळणारा एक दोस्त त्यात गेला. आधी घड्याळ गेलं, मग आईचा पितळी हंडा, मग मोरीतला तांब्या, आणि एक दिवस शेजारच्यांचा गॅस सिलिंडर. त्याची आई जेवणाचं ताट झाकून जिन्यात ठेवायची, दाराच्या बाहेर, कारण आत घ्यायला वडलांनी बंदी केलेली. तो पुलाखाली राहायचा आणि रात्री येऊन जिन्यात बसून जेवायचा आणि ताट धुऊन ठेवायचा. ताट मात्र त्यानं कधी विकलं नाही. हे तुम्हाला का सांगतोय, तर घरात आणणं आणि दार बंद करणं याच्या मधला एक जिना असतो, तो तुम्हाला आणि आईला मिळून शोधायला लागेल.

आता आईंच्या मुद्द्याकडे. त्या चुकीचं बोलत नाहीयेत. आधी घर, मग बाकीचं, ही खरोखरची पद्धत आहे आणि ती न्यूयॉर्कमध्येच सुरू झाली, १९९२ मध्ये, सॅम सेम्बेरिस नावाच्या मानसशास्त्रज्ञानं. पुढे फिनलंडनं देशभर ती धरली. पण त्यात दोन गोष्टी आहेत. एक, या पद्धतीत माणसं घरात टिकतात हे चांगलं दिसलंय, नशा मात्र त्यामुळे आपोआप सुटते असं दिसलेलं नाही. दुसरी जास्त महत्त्वाची, ते घर सरकारनं दिलेलं त्याचं एकट्याचं घर असतं, त्यात आईचा हंडा नसतो. घरी आणणं म्हणजे तुमच्या घराचा त्या स्कीमसारखा वापर करणं, ते एकट्या आईच्या जिवावर होणारं काम नाही.

शिवाय क्रॅक आणि गर्द यात फरक आहे. क्रॅक सुटतं तेव्हा माणूस खचतो, झोपून राहतो, डोक्यात सारखी तलप, पण शरीर तसं आदळआपट करत नाही. गर्द म्हणजे हेरॉइनच्या घरातलं, त्याची टर्की लागते. (हा तो शब्द. इंग्रजीतल्या ‘कोल्ड टर्की’तला, आपल्याकडच्या गर्दुल्ल्यांनी कोल्ड टाकून दिलं, टर्की ठेवली.) नाक गळतं, हाडं मोडल्यासारखी दुखतात, जुलाब, उलट्या, झोप नाही, पहिले तीन-चार दिवस वाईट, मग हळूहळू ओसरतं. म्हणून आईला सांगा, खोलीत कोंडून घरच्या घरी टर्की काढायचा प्रयोग करू नका, त्यासाठी औषधं आहेत, डॉक्टरच्या देखरेखीखाली ती बरीच सुसह्य होते. आणि एक गोष्ट फार थोड्या घरांना माहीत असते: काही दिवस बंद ठेवून माणूस परत पूर्वीएवढाच डोस घेतो तेव्हा शरीराची सवय गेलेली असते, आणि तिथेच माणसं दगावतात. सेंटरमधून सुटून आल्यानंतरचे आठवडे सगळ्यात धोक्याचे. दोनदा ठेवून उपयोग झाला नाही असं तुम्ही लिहिलंय, तर दोनदा म्हणजे काही फार नाही, या आजारात परत घसरणं हे धरूनच चालतात.

कुठे विचारायचं तर १४४४६ हा व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय टोल-फ्री नंबर आहे. पुण्याचं मुक्तांगण तुम्ही ऐकलं असेलच, अनिल अवचटांनी गर्दवर लिहिलं, ते पु.ल. आणि सुनीताबाईंनी वाचलं, त्यांनी पैसे दिले आणि १९८६ मध्ये डॉ. सुनंदा अवचटांनी ते उभं केलं. तिथे बायकांसाठी, घरच्यांसाठी वेगळं काम चालतं, तुम्ही भावाला न घेता एकट्या जाऊन बोललात तरी चालतं. हे मला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं: आधी तुम्ही जा. आणि पोलिसांची भीती असेल तर, एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात ६४अ नावाचं कलम आहे, स्वतः घेणारा किंवा थोडा माल सापडलेला माणूस आपणहून सरकारमान्य ठिकाणी उपचाराला गेला आणि उपचार पूर्ण केले तर त्याच्यावरचा खटला टळू शकतो. वकिलाला नीट विचारून घ्या.

माझ्या दोस्ताचं काय झालं विचाराल. तो आता रिक्षा चालवतो. कोणी विचारलं तर म्हणतो, मी आज घेतलेलं नाही. कालचं-उद्याचं बोलत नाही.

प्रश्न : मी आणि माझा मित्र आमच्या शहरातल्या फ्लायओव्हरखालच्या गर्दुल्ल्यांवर शॉर्ट डॉक्युमेंटरी करतोय. मोबाइलवर शूट. त्यांना पैसे द्यावेत का? आणि चेहरे ब्लर करावेत का? (मास कॉमचा विद्यार्थी, कोल्हापूर)

आधी एक सांग, किती दिवस गेलायस तिथे? मोबाइल न काढता? सिंगर आधी महिनोन्‌महिने तिथे राहिला, आणि पिक्चर काढायची कल्पना भुयारातल्याच एकाची, म्हणजे आपल्यावर कोणीतरी फिल्म काढायला पाहिजे असं तोच म्हणाला. आणि सिंगरच्या डोक्यात होतं की फिल्मनं पैसे आले तर ह्यांना इथून बाहेर काढता येईल. तो हिशोब भाबडा होता, पण निदान हिशोब होता. तुमचा काय आहे? फेस्टिव्हलचं लॉरेल, पोस्टरवर लावतात तो पानांचा शिक्का? असू दे, त्यात पाप नाही, पण ते त्यांना तोंडावर सांगता आलं पाहिजे.

पैसे द्या, कामाचे द्या. वायर धर, बॅटरी सांभाळ, गर्दी मागे सार, याचे रोजाने द्या, नशा करून दाखव याचे कधीच नाही. कितीतरी लोक दुसरंच करतात, नाव नाही घेत. परवानगी घ्यायची ती सकाळी, माणूस शुद्धीवर असताना, आणि परत एकदा फिल्म झाल्यावर, दाखवून. तेव्हा नाही म्हणाला तर तो भाग काढायचा, कितीही भारी शॉट असला तरी. ब्लरचं माझं मत वेगळं आहे, ब्लर केलं की माणूस गुन्हेगार दिसतो, त्यापेक्षा ज्याला चेहरा द्यायचा नाही त्याचे हात घ्या, आवाज घ्या. लहान पोरं सोल्युशन हुंगताना दिसली तर मोबाइल खिशात ठेवा आणि १०९८ ला फोन लावा.

आणखी काय बघू असं तू पुढे विचारलंयस. ‘स्ट्रीटवाइज’ बघ, १९८४ ची, मार्टिन बेलची, सिअॅटल शहरात रस्त्यावर राहणाऱ्या पोरापोरींवरची. त्याच्यामागे मेरी एलन मार्क ही फोटोग्राफर, त्याची बायको. ही बाई त्याआधी १९७८ मध्ये मुंबईत येऊन फॉकलंड रोडला वेश्यावस्तीत फोटो काढत बसली होती. फॉकलंड रोडचं आजचं नाव पठ्ठे बापूराव मार्ग आहे, हे किती लोकांना माहीत असतं! सुरुवातीला तिथल्या बायकांनी तिच्यावर कचरा फेकला, पाणी ओतलं, ती दुसऱ्या दिवशी परत यायची. मग कोणीतरी चहा दिला. सिअॅटलमधल्या एका तेरा-चौदा वर्षांच्या मुलीकडे ती पुढे तीस वर्षं परत परत जात राहिली, त्या मुलीचं व्यसन, तिची दहा मुलं, सगळं बघत, मेरी एलन मार्क २०१५ मध्ये वारली तोपर्यंत. तुम्ही सेमिस्टर संपेपर्यंत तरी जाल ना?

प्रश्न : पिक्चर बघताना मी दोन-तीनदा मोठ्यानं हसलो. बायको म्हणाली लाज वाटत नाही का. मी चुकलो का? (मिरज)

नाही हो. ते विनोदच करत होते. आमच्या शोला वॉचमन सगळ्यात जास्त हसला, आणि त्याला तर इंग्रजी कळत नव्हतं.